नवा ब्राउझर कामाला लावण्याआधी: तपासणी, बदली आणि माघार

नवा ब्राउझर उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागतात. तो आपल्या कामाचा आहे की नाही हे कळायला दोन आठवडे जातात. त्या दोन आठवड्यांत काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि काम कुठे अडतं, ते इथे दिलं आहे. डोळ्यांसमोर गोव्यातली तीन ठिकाणं ठेवली आहेत: फोंड्यात किंवा म्हापशात लोकांचे अर्ज भरून देणारं दुकान, किनाऱ्याजवळचं चार-पाच खोल्यांचं गेस्ट हाउस, आणि एकाच लॅपटॉपवर मुलांचा अभ्यास, वीज बिल आणि आजोबांचं वर्तमानपत्र चालवणारं घर.

या बाजारात नव्याने उतरणाऱ्याची वाट सोपी नाही. क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला आणि आज जगातलं साधारण दोन तृतीयांश ब्राउझिंग एकट्या त्याच्यावर होतं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीच बसून येतो. फोन कंपन्यांवर लादलेल्या अशाच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता. तरीही नवे येतच आहेत. जुलै २०२५ मध्ये परप्लेक्सिटीचा कॉमेट आला, ऑक्टोबरमध्ये ओपनएआयचा ॲटलास आला, तोही आधी फक्त मॅकवर. झोहोचा उला २०२३ पासून आहे. कुणी खासगीपणाचं आश्वासन देतो, कुणी एआय मदतनीस देतो, कुणी जाहिराती घालवतो. पण एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, नीट छापला जाईल का, या प्रश्नाचं उत्तर यांपैकी कुणाच्याही जाहिरातीत मिळत नाही. ते आपल्यालाच काढावं लागतं.

आत इंजिन कुठलं आहे

फेरीबोटीला नवा रंग दिला तरी आतली मशीन तीच असते. ब्राउझरचंही तसंच आहे. वेबपान वाचून पडद्यावर मांडणारी इंजिनं मोठ्या वापरात तीनच आहेत: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटपासूनच फुटून निघालं. क्रोम, जानेवारी २०२० पासूनचा नवा एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, उला, कॉमेट आणि ॲटलास हे सगळे क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेल्या उघड्या कोडवर आणि पर्यायाने ब्लिंकवर चालतात. फायरफॉक्स आणि त्याच्यावर उभारलेला झेन गेकोवर चालतात. सफारी वेबकिटवर. भारतातल्या आयफोनवर नाव कुठलंही असो, आत वेबकिटच असतं. त्यामुळे आयफोनवर ब्राउझर बदलून साइट उघडण्याची अडचण सुटेल अशी आशा धरू नका. तिथे बदलतात ती बटणं, सिंक (बुकमार्क आणि पासवर्ड सगळ्या उपकरणांवर सारखे ठेवण्याची सोय) आणि जाहिराती अडवण्याची सोय.

याचा उपयोग सरळ आहे. नवा ब्राउझर क्रोमियमवर असेल तर क्रोममध्ये चालणाऱ्या साइट त्यातही बहुधा चालतात, आणि क्रोमची एक्स्टेंशनही, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, बहुतेक बसतात. गेकोवर असेल तर जुन्या सरकारी साइट आधी तपासाव्या लागतात. मुळापासून नवं इंजिन लिहिणारा लेडीबर्डसारखा प्रकल्प जगाच्या दृष्टीने मोलाचा आहे, पण त्याची पहिली अल्फा, म्हणजे अगदी कच्ची, आवृत्ती २०२६ साठी जाहीर झाली आहे, तीही लिनक्स आणि मॅकपुरती. दुकानात ती आणायची घाई नको.

आमचं मत स्पष्ट आहे: मुख्य ब्राउझर कुठलाही ठेवा, पण मशीनवर एक ब्लिंकवाला आणि एक गेकोवाला असे दोन कायम असू द्या. एखादी साइट एकात अडली की दोष साइटचा, नेटचा की ब्राउझरचा, हे दुसऱ्यात उघडून लगेच कळतं.

दुरुस्त्या किती लवकर पोचतात

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. क्रोमची नवी आवृत्ती २०२१ पासून दर चार आठवड्यांनी येते आणि २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला. क्रोमियमचा कोड उघडा असल्यामुळे दुरुस्ती झाली की कुठे भोक होतं तेही जगाला कळतं. क्रोमियमवर बांधलेला लहान ब्राउझर ती दुरुस्ती तीन आठवडे उशिरा देत असेल, तर ते तीन आठवडे भोक उघडं राहतं.

तपासायचं असं. मेन्यूतून मदत, मग 'अबाउट' उघडा आणि आवृत्तीचा क्रमांक बघा. स्वतःच्या क्रमांकाशेजारी बरेच ब्राउझर क्रोमियमचा क्रमांकही देतात. दिला नसेल तर आपला 'यूजर एजंट', म्हणजे ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख, दाखवणारी कुठलीही साइट उघडा, त्यात 'क्रोम' या शब्दापुढे मोठा आकडा असतो. त्याच दिवशी क्रोमच्या 'अबाउट'मधला आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर उत्तम. एकाने मागे असेल तर आठवडाभराने परत बघा. दोन किंवा जास्त आकड्यांनी मागे असेल तर त्यावर बँक उघडू नका. इथे एक बारकावा आहे. काही कंपन्या मुद्दाम आठ आठवड्यांची लांब आवृत्ती धरतात आणि मधल्या सुरक्षा दुरुस्त्या तिच्यातच घालतात. तिथे आकडा एकाने मागे दिसला तरी चालतं, फक्त शेवटचं अपडेट कधी आलं ती तारीख ताजी हवी. तारीख महिन्याभरापूर्वीची असेल तर तो ब्राउझर कामाला घेऊ नका.

मशीन जुनं असेल तर आणखी एक गोष्ट. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, आणि क्रोमियमवरचे नवे ब्राउझरही तिथे बसत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथे ब्राउझर अजून अपडेट होतो, पण खालची विंडोज जुनी झाली आहे हे लक्षात ठेवा.

पैसे कुठून येतात

ब्राउझर फुकट मिळतो आणि तो बनवणाऱ्यांना पगार असतात. पैसा बहुतेक वेळा सर्च कंपनीकडून येतो: सफारीत गूगल सर्च ठेवण्यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. फायरफॉक्सचाही मोठा आधार गूगलचा करारच आहे. नव्या ब्राउझरच्या साइटवर हे सांगितलेलं असावं: सर्चचा करार, स्वतःच्या जाहिराती, मासिक वर्गणी की एआय सेवेचं सभासदत्व. काहीच सांगितलेलं नसेल, तर तुम्ही काय बघता याचीच विक्री होते असं धरून चाला.

उतरवून घेताना

ब्राउझरचं नाव सर्चमध्ये टाकून पहिल्या निकालावर क्लिक करू नका. 'प्रायोजित' लिहिलेल्या वरच्या जागा पैसे देऊन मिळतात आणि नव्या, चर्चेतल्या नावांच्या नकली साइट तिथेच बसतात. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा, किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअर, प्ले स्टोअर, ॲप स्टोअरमधून घ्या. फोनवर ॲपच्या नावाखालचं बनवणाऱ्याचं नाव वाचा. विंडोजवर उतरलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब असायला हवा आणि त्यात कंपनीचंच नाव हवं. टॅबच नसेल तर फाइल उडवा. निमंत्रणावर मिळणाऱ्या ब्राउझरचं निमंत्रण कुणी पैसे घेऊन विकत असेल तर तिकडे फिरकू नका.

बसवताना 'मुख्य ब्राउझर करा' आणि 'संगणक सुरू होताना चालू करा' या दोन्ही चौकटींतली खूण काढा. नोटिफिकेशनची परवानगी सेटिंग्जमधून सगळ्या साइटना एकदमच बंद करा. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असे खोटे इशारे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर बहुतेक वेळा याच वाटेने येतात.

तालीम

एका कागदावर महिनाभरातली आपली खरी कामं लिहा. घराला दहा पुरतात, दुकानाला वीस लागतील. मग प्रत्येक काम नव्या ब्राउझरमध्ये शेवटापर्यंत करून बघा. साइट उघडली म्हणजे काम झालं असं नव्हे. पावती हातात आली किंवा कागद छापला गेला की त्या ओळीवर खूण करायची.

सुरुवात जमिनीच्या उताऱ्यापासून करा, कारण एकाच कामात चार गोष्टी तपासल्या जातात. तालुका निवडला की गावांची यादी भरली पाहिजे. यादी रिकामी राहिली तर ब्राउझरच्या जाहिरात-रोधकाने साइटची स्क्रिप्ट अडवली आहे. सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन टाकल्यावर कॅप्चाचं चित्र दिसलं पाहिजे. उतारा नव्या खिडकीत उघडत असेल तर पॉप-अप रोधक मध्ये येतो. पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला लहान खूण दिसते, तिथून फक्त त्या साइटला परवानगी द्या. शेवटी छपाई. कागदाचा आकार 'ए-४' आहे ना ते बघा, कारण नव्या ब्राउझरमध्ये पुष्कळदा 'लेटर' निवडलेला असतो. लेटर ए-४ पेक्षा सुमारे १८ मिलिमीटर आखूड आहे, त्यामुळे खालची ओळ किंवा शिक्क्याची जागा पुढच्या पानावर जाते.

जाहिरात-रोधक ढिला करायची वेळ आली तर त्या एका साइटपुरताच करा. सगळ्यांसाठी बंद केला तर नवा ब्राउझर घेण्यात अर्थ राहत नाही.

पैसे भरण्याची तालीम सगळ्यात लहान रकमेने करा. खात्याच्या साइटवरून पेमेंट गेटवेवर, तिथून बँकेत आणि परत खात्याच्या साइटवर असा हा फेरा असतो. कुकी म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात राहावं म्हणून साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदी. त्यांचे नियम कडक असलेले ब्राउझर परतीच्या टप्प्यावर लॉगिनची आठवण पुसतात: पैसे कापले जातात, समोर मात्र लॉगिनचं पान येतं आणि पावती दिसत नाही. असं झालं तर पुन्हा भरू नका. बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक लिहून घ्या, परत लॉगिन करा आणि व्यवहाराची स्थिती बघा. त्या साइटसाठी 'तृतीय पक्षाच्या कुकी' सुरू करून पुढच्या वेळी बघा. तरीही तसंच झालं तर ते काम जुन्या ब्राउझरवरच ठेवा. फोनवर आणखी एक चाचणी लागते: साइटवरचं यूपीआयचं बटण दाबल्यावर पेमेंट ॲप उघडतं का. काही ब्राउझर साइटला दुसरं ॲप उघडू देत नाहीत. त्याची परवानगी सेटिंग्जमध्ये 'बाहेरच्या ॲपमध्ये लिंक उघडा' अशा नावाने असते.

अर्ज भरणाऱ्या दुकानाची खरी कसोटी उपकरणांवर लागते. आधारसाठीचं बोटांचे ठसे घेणारं यंत्र ब्राउझरशी थेट बोलत नाही. संगणकावर चालणारी 'आरडी सर्व्हिस' ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे संगणकातल्या क्रमांकाच्या दारावर, कान देऊन बसलेली असते आणि वेबपान तिला हाक मारतं. डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच: जीएसटीच्या साइटला एमसायनर आणि आयकराच्या साइटला एमब्रिज संगणकावर चालू असावं लागतं. खासगीपणावर भर देणारे ब्राउझर वेबपानाला आपल्याच संगणकातल्या अशा सेवेशी बोलू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण भलत्या साइटही हीच वाट वापरू शकतात. त्यामुळे 'लोकल नेटवर्कवरच्या उपकरणांशी जोडू द्यायचं का' असा प्रश्न आला तर साइटचं नाव वाचा आणि ओळखीची असेल तरच होकार द्या. चुकून नकार दिला गेला तर पत्त्याच्या डावीकडच्या खुणेतून साइटच्या परवानग्या उघडून तो बदलता येतो. प्रश्नच आला नाही आणि यंत्र 'सापडत नाही' असं दिसलं, तर ब्राउझर गुपचूप अडवतो आहे. यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्तीला पाठवण्याआधी तेच काम जुन्या ब्राउझरमध्ये करून बघा.

इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय न चालणारी एखादी जुनी साइट अजून गळ्यात असेल तर नव्या ब्राउझरकडून अपेक्षा ठेवू नका. एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. त्याची जागा फक्त एजमधल्या 'आयई मोड'ने घेतली आहे आणि मायक्रोसॉफ्टने तो निदान २०२९ पर्यंत चालवायचं कबूल केलं आहे. त्या एका कामासाठी एज ठेवा.

गेस्ट हाउसवाल्यांनी परदेशी पाहुण्याच्या नोंदणीचं पान, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात, तालमीत नक्की घ्यावं. पाहुणा आल्यापासून २४ तासांत ही नोंद करायची असते, म्हणून ब्राउझर अडला तर दुसऱ्या दिवशी बघू असं म्हणता येत नाही. फोटो चढवणं, तारखेचं कॅलेंडर उघडणं आणि शेवटची प्रत छापणं या तीन गोष्टी बघा. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असाच दिसतो ना तेही बघा. ब्राउझरची भाषा अमेरिकन इंग्रजी असली की कॅलेंडरमध्ये महिना आधी येतो आणि ०५ आणि ०८ यांची सहज अदलाबदल होते. सेटिंग्जमध्ये 'इंग्रजी (भारत)' किंवा मराठी निवडली की हे सुटतं. आणि ही बदली नाताळच्या गर्दीत करू नका. पावसाळ्यातले रिकामे दिवस त्यासाठी बरे. दुकानांनी ३१ मार्च आणि ३१ जुलैच्या आसपासचे पंधरा दिवस टाळावेत.

मराठी नीट दिसतं, शोधता येतं का

पत्त्याच्या पट्टीत हे शब्द टाइप करून बघा: तऱ्हा, सुऱ्या, वाङ्मय, हृदय, शृंगार, ॲप, ऑक्टोबर, उद्ध्वस्त. मग हेच शब्द एखाद्या साइटच्या शोधाच्या चौकटीत टाका. जोडाक्षर फुटून हलन्त दिसत असेल किंवा 'ॲ'च्या जागी रिकामी चौकट येत असेल, तर ब्राउझरच्या फाँट सेटिंगमध्ये देवनागरीसाठी विंडोजवर 'निर्मला यूआय' निवडा.

पानात शोधण्याची सोय, म्हणजे कंट्रोल आणि एफ, मराठीत एका ठिकाणी हमखास फसवते. 'तऱ्हा'मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, ब्राउझरला मात्र ते वेगळे शब्द वाटू शकतात. गावाचं किंवा माणसाचं नाव यादीत सापडलं नाही म्हणून ते नाहीच असं समजू नका. नावाचा तेवढा भाग सोडून उरलेली अक्षरं शोधा.

'पीडीएफ म्हणून जतन करा' वापरून मराठी पान साठवा, ती फाइल उघडा आणि तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ऱ्हस्व वेलांट्या सरकलेल्या किंवा जोडाक्षरं विस्कटलेली दिसली, तर छापायला ती फाइल ठीक आहे, पण पुढे शोधण्यासाठी किंवा मजकूर काढण्यासाठी निकामी. अशा वेळी मूळ वेबपानाचा पत्ता सोबत जपून ठेवा.

कोंकणी पानं हा गोव्याचा खास प्रश्न. लिपी देवनागरी असल्यामुळे ब्राउझरचं आपोआप भाषांतर त्यांना मराठी किंवा हिंदी समजू शकतं. आपोआप भाषांतर बंद ठेवा, हवं तेव्हा हाताने सुरू करा. अर्ज भरत असताना तर ते बंदच हवं, कारण भाषांतरित पानावर निवडीच्या याद्या कधी कधी चुकीच्या नावांनी दिसतात.

वीज, नेट आणि मेमरी

जून ते सप्टेंबर वीज जाणं गृहीत धरूनच काम करावं लागतं. सहा टॅब उघडा, एका अर्जात चार ओळी भरा आणि टास्क मॅनेजरमधून ब्राउझर 'एंड टास्क' करा. परत उघडल्यावर सहाही टॅब आले पाहिजेत. सेटिंग्जमध्ये 'जिथे सोडलं तिथून पुढे' निवडलेलं हवं. अर्जातल्या ओळी बहुतेक साइटवर परत येत नाहीत, हे ग्राहकाचा लांब अर्ज भरायला घेण्याआधीच माहीत असलेलं बरं. मोठी फाइल उतरत असताना वायफाय बंद करून परत सुरू करा आणि डाउनलोड तिथूनच पुढे जातं का बघा.

सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत नेट मंद असतं. पणजीत बसूनही त्याची कल्पना घेता येते. क्रोमियमवाल्या ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' टॅबमध्ये वेग 'स्लो ४जी' करा आणि रोजची तीन पानं उघडा. जाहिराती अडवणारा ब्राउझर इथे खरोखर उजवा ठरतो, विशेषतः वर्तमानपत्रांच्या साइटवर.

वीज सारखी जाणाऱ्या जुन्या मशीनवर एक भलताच दोष दिसतो: सगळ्या साइट 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' म्हणतात. नव्या ब्राउझरला दोष देण्याआधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागच्या सालात जातं आणि साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटतं. बॅटरी बदला. 'तरीही पुढे जा' दाबून बँक उघडू नका.

मेमरीबद्दल जाहिरातींवर विश्वास ठेवू नका, मोजा. ४ जीबी रॅमच्या मशीनवर निम्म्याच्या आसपास विंडोजच घेते. जुन्या ब्राउझरमध्ये तेच आठ टॅब उघडून दहा मिनिटं थांबा आणि टास्क मॅनेजरमधला त्याच्या गटाचा एकूण आकडा लिहा. मग तो पूर्ण बंद करून नव्यात तेच करा. एक्स्टेंशन दोन्हीकडे सारखीच हवीत, नाहीतर तुलना खोटी पडते.

सामान हलवताना

बुकमार्क सोपे आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबा, बुकमार्कच्या मेन्यूतून 'एक्स्पोर्ट' घ्या, एचटीएमएल फाइल मिळते, ती नव्यात 'इम्पोर्ट' करा. ही फाइल पेन ड्राइव्हवरही ठेवून द्या.

नव्या ब्राउझरची 'क्रोममधून सगळं आणा' ही सोय वापरणार असाल तर क्रोम खरोखर बंद करा. खिडकी मिटली तरी तो मागे चालू राहतो आणि त्याच्या फाइलींना कुलूप असतं, मग अर्धेच बुकमार्क येतात किंवा पासवर्ड येतच नाहीत. घड्याळाशेजारच्या खुणांमध्ये क्रोम दिसत असेल तर तिथून 'एक्झिट' करा. चालू लॉगिन मात्र येणार नाहीत. जुलै २०२४ मधल्या १२७ व्या आवृत्तीपासून विंडोजवरचा क्रोम आपल्या कुकी अशा कुलपात ठेवतो की दुसऱ्या प्रोग्रॅमला त्या वाचता येऊ नयेत. चोरट्या सॉफ्टवेअरला रोखण्यासाठी हे केलं आहे आणि ते चांगलंच आहे, पण त्यामुळे प्रत्येक साइटवर नव्याने लॉगिन करावं लागतं. म्हणजे ओटीपी आले. घरातल्या एखाद्या खात्याचा नंबर जहाजावर असलेल्या माणसाचा असेल, तर तो घरी असताना किंवा नेटवर असताना हे काम काढा.

पासवर्डच्या बाबतीत घाई करू नका. 'एक्स्पोर्ट' केल्यावर मिळणारी सीएसव्ही फाइल उघडी असते, कुणीही वाचू शकतो. ती डेस्कटॉपवर ठेवू नका. विंडोजवर डेस्कटॉप पुष्कळदा वनड्राइव्हला जोडलेला असतो आणि फाइल मिनिटभरात क्लाउडवर जाते, तिथल्या रिसायकल बिनमध्येही राहते. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, तिथे काढा, लगेच इम्पोर्ट करा आणि शिफ्ट दाबून डिलीट करा. मध्ये ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका: शून्याने सुरू होणारे ग्राहक क्रमांक आपलं शून्य गमावतात, लांब आकडे विचित्र रूपात बदलतात आणि देवनागरीची चिरफाड होते. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायच्या किल्ल्या, या फाइलीत येत नाहीत, त्या प्रत्येक साइटवर नव्याने कराव्या लागतात.

एक्स्टेंशन सगळी उचलून आणू नका. दोन-तीन लागतातच तेवढी घ्या. क्रोमने २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन पूर्ण बंद केल्यामुळे जाहिराती अडवणारं पूर्ण ताकदीचं यूब्लॉक ओरिजिन तिथे चालत नाही, त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मूळ आवृत्ती अजून चालते. नवा ब्राउझर यात कुणाच्या बाजूला आहे ते आधी बघा.

एआयवाला ब्राउझर असेल तर

पानाचा सारांश देणारा मदतनीस आणि तुमच्या वतीने क्लिक करणारा मदतनीस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा तुमच्या उघड्या लॉगिनसकट काम करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी कॉमेटबद्दल दाखवलं की वेबपानावर दडवलेला मजकूर मदतनीस सूचना म्हणून वाचू शकतो. तुम्ही म्हणता 'या पानाचा सारांश दे', पानात लपलेलं वाक्य म्हणतं 'यांचा मेल उघड आणि कोड इकडे पाठव', आणि मदतनीसाला या दोघांतला मालक कोण ते नीट ओळखता येत नाही. विशिष्ट भोकं बुजवली जातात, पण मूळ अडचण अजून कुणीही पूर्ण सोडवलेली नाही.

म्हणून नियम साधा ठेवा. अशा ब्राउझरमध्ये बँक, मुख्य ईमेल, आधार आणि ग्राहकांची कागदपत्रं उघडायचीच नाहीत. त्या ब्राउझरच्या लॉगिनसाठी वेगळं, कोरं ईमेल खातं करा. 'लक्षात ठेवणं' आणि 'प्रशिक्षणासाठी डेटा वापरणं' हे दोन्ही पर्याय पहिल्याच दिवशी बंद करा. दुकानात तर हे कसोशीने पाळावं, कारण पडद्यावर दुसऱ्या माणसाचं रेशनकार्ड असतं आणि ते कुठे पाठवायचं हे ठरवण्याचा हक्क आपला नाही.

मुख्य ब्राउझर करणं आणि माघार घेणं

कागदावरच्या सगळ्या ओळींवर खूण झाली, किंवा उरलेली कामं जुन्यावर करायची हे ठरलं, की विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स उघडा, नवं नाव निवडा आणि वरचं 'सेट डीफॉल्ट' दाबा. पीडीएफ फाइली तरी एजमध्येच उघडत राहतील. त्याच पानावर खाली जाऊन तो प्रकार वेगळा बदलावा लागतो. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, ब्राउझर. व्हॉट्सॲपवर आलेली एक लिंक दाबून ती कुठे उघडते ते बघा. जुना ब्राउझर निदान दोन महिने काढू नका, त्याचे अपडेटही चालू ठेवा.

जमलं नाही तर नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही, क्रम महत्त्वाचा आहे. आधी नव्यात नंतर जमा झालेले बुकमार्क आणि पासवर्ड परत जुन्यात न्या. मग ब्राउझरच्या आतूनच सिंकचा डेटा पुसा आणि खातं बंद करा, कारण ॲप काढल्यावर ती वाट शोधत बसावी लागते. एआयची आठवण आणि इतिहासही तिथूनच पुसा. त्यानंतर विंडोजमधून काढा आणि काढताना 'ब्राउझिंग डेटाही पुसा' ही चौकट दिसली तर तिच्यावर खूण करा. ती चौकट आली नाही तर ॲपडेटा फोल्डरच्या आत 'लोकल'मध्ये त्या कंपनीच्या नावाचं फोल्डर मागे राहतं, त्यात साठवलेले पासवर्ड असू शकतात. ते हाताने उडवा. शेवटी आपल्या गूगल खात्यात जाऊन 'जोडलेली ॲप आणि सेवा' उघडा आणि त्या ब्राउझरच्या नावाची परवानगी काढून टाका.